जांभळीच्या वळणावरचा लाल कंदील

ड्रायव्हर लोक लाल दिव्याला का थांबत न्हाईत, असं परवा माझ्या भाचेजावयानं विचारलं. आणि उत्तरबी त्यानंच दिलं, घाई असते म्हणून. माझं डोकंच फिरलं. घाई म्हणे! घाई तर बैलगाडीवाल्यालाबी असते रं बाबा. मी निपाणी-बेळगाव लाईनीवर कंडक्टरकी करून केस पांढरे केले, मला सांगतोयस? लाल दिव्याला न थांबणारा ड्रायव्हर भ्यालेला असतो. कोण पोलिसाला भितो, कोण मालकाला. भरमा मगदूम कशाला भ्याला ते सांगतो, मग तुझं तू ठरव म्हटलं. तो जांभया देत बसला. तुम्ही तरी नीट ऐका.

भरमा बोरगावचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि गाडी बंद पडली की शिव्या हिंदीत. तंबाखूची जमीन भावांवर सोडून मोटारीच्या नादानं निपाणीला आला. पण जैनाच्या घरातलं वळण पक्कं. दिवस मावळायच्या आत जेवणार म्हणजे जेवणार. प्रवासी बोंबलत असले तरी हा संकेश्वरच्या स्टँडवर गाडीच्या पायरीवर बसून डबा सोडायचा. एकदा हत्तरगीच्या अलीकडं भर दुपारी रस्त्यात धामण आडवी आली. या गड्यानं गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि ती पलीकडच्या बांधात शिरंपर्यंत हात जोडून बसला. मागनं एक व्यापारी ओरडला, "अरं, बाजार उठंल की तिकडं!" भरमा म्हणाला, "उठू दे की. बाजार परत भरतोय." असा माणूस. त्याचा लई राग यायचा मला, आणि त्याच्याबिगर करमायचंबी न्हाय.

आता आमच्या लाईनीचा नियम सांगतो, त्याच्याशिवाय पुढचं कळायचं न्हाय.

संकेश्वरकडनं निपाणीला उतरताना तवंदीचा घाट लागतो. घाटाच्या मध्यावर एक जुनी जांभळ, आणि तिथं रस्ता एकदम मुरडतो. नव्या ड्रायव्हरला गिअर शिकवायच्या आधी आम्ही सांगायचो, जांभळीपाशी लाल दिवा दिसला तर थांबायचं न्हाय. हॉर्न दाबून धरायचा आणि गाडी सोडून द्यायची. कंडक्टरनं आणि प्रवाशांनी डोळे मिटायचे. गचका बसला तरी निपाणीची पहिली कौलं दिसंपर्यंत मागं बघायचं न्हाय. का? तर हा रस्ता फोडताना सुरुंगाजवळ लाल कंदील घेऊन एक माणूस उभा केलेला, लोकांना अडवायला. सुरुंग उडाला आणि तोबी गेला. तो अजून तिथंच अडवत उभा हाय. जो कोण थांबंल त्याच्या हातात तो कंदील देतो, आणि आपण सुटतो. मग थांबलेल्यानं उभं ऱ्हायचं, दुसरा कोण थांबंपर्यंत.

हे आम्हाला गुंडू वस्तादानं सांगितलं. गुंडू म्हणजे या लाईनीवरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. भरमाला स्टेअरिंग धरायला शिकवलं ते त्यानंच. त्याचा शब्द म्हणजे आम्हाला कायदा होता.

हसू नका. मी स्वतः बघितलाय तो दिवा. पावसाळ्यात, थंडीच्या धुक्यात, पहाटंच्या पहिल्या गाडीला. डोळे मिटायच्या आधी एक क्षण दिसायचाच. माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर लाल दिवा इकडून तिकडं हलतोय आणि त्याला धरणारं कोण न्हाय. वर काळं, खाली काळं, मधी नुसता दिवा. अंगावर काटा यायचा. गाडीतल्या बायका पदर तोंडावर घ्यायच्या, एखादी पुटपुटायची, आणि हॉर्न नुसता वाजतच ऱ्हायचा. खाली निपाणी दिसली की सगळे एकदम मोठ्यानं बोलायला लागायचे.

ती लढाईची सालं. पेट्रोल मिळत न्हवतं, म्हणून मालकानं गाडीच्या मागं भली मोठी टाकी बसवलेली. तिच्यात कोळसा पेटवायचा आणि त्या गॅसवर गाडी चालवायची. चढाला माणसं उतरून ढकलायची. उताराला मात्र ड्रायव्हर गॅस बंद करून गाडी सोडून द्यायचे, कोळसा वाचायचा. ब्रेक म्हणजे देवाच्या भरवशावर. मार्गशीर्षातली ती सकाळ, नुकतं फटफटायला लागलेलं. धुकं असं की गाडीचं नाक दिसत न्हवतं. वरच्या खिंडीत आम्ही रोजच्यासारखं चाकाखाली लिंबू चिरडलं आणि उताराला लागलो.

वरच्या वळणालाच मला दिवा दिसला. "भरमा," मी म्हटलं. "बघितला," तो म्हणाला. मी डोळे मिटले. मागं सगळ्यांनीच मिटले असणार, कारण गाडीत एकदम सामसूम झाली. हॉर्न सुरू झाला. मग गाडी जरा अडखळल्यासारखी झाली, परत सुटली, आणि पुढनं गचका बसला.

मागं कुणी बघितलं न्हाय. नियमच तसा.

निपाणीच्या स्टँडवर गाडी उभी ऱ्हायली तवा उजाडलं होतं. मी तिकिटाची पिशवी काखेत मारून खाली उतरलो आणि समोरून एक विडीकामाची बाई किंचाळली. गाडीच्या पुढच्या जाळीला कंदील लटकत होता. तारेची कडी जाळीत अडकलेली. लाल काच तडकलेली, पण वात अजून धुमसत होती. आणि मडगार्डला काळ्या घोंगडीची चिंधी.

भरमा खाली उतरला. त्यानं कंदिलाकडं बघितलं, घोंगडीकडं बघितलं. घोंगडी हातात घेऊन चुरगाळून बघितली. मला वाटलं आता हा पडतोय. पण तो परत वर चढला आणि मला म्हणाला, "चल." भुताला घोंगडी कशाला लागंल, एवढंच बोलला वाटेत.

जांभळीच्या खालच्या अंगाला चरीत माणूस पडला होता. डोक्यावरनं गुडघ्यापर्यंत घ्यायची काळी घोंगडी अंगाला गुंडाळलेली, पाय मातीनं काळे. आम्हाला इतकी वर्षं माणूस का दिसत न्हवता ते मला तिथं कळलं. भरमानं त्याचा हात धरला आणि माझ्याकडं बघून ओरडला, "शामू, हात ऊन हाय रं! हात ऊन हाय!" लहान पोरासारखा ओरडत होता. आम्ही उचलून गाडीत घालंपर्यंत तो हात गार पडला.

मष्णू त्याचं नाव. घाटाखालच्या वस्तीतला. सडकेच्या कामावर दिवसा एक टोळी असायची, आणि अंधार पडल्यापासनं टोळी येईपर्यंत कंदील घेऊन हा एकटा. पावसाळ्यात दरड आली की तिथं उभा ऱ्हायचा. त्या साली वळणावरचा कठडा खचून निम्मा रस्ता दरीत गेलेला, म्हणून थंडीतबी ठेवलेला. आलेली गाडी थांबवायची आणि आतल्या अंगानं हळू जाऊ द्यायची, एवढंच काम. आमची गाडीसुद्धा त्या दिवशी दरीत जायची ती कशी गेली न्हाय, देव जाणे.

पोलीस आले. भरमाला धरलं, मग जामिनावर सोडलं. खटला चिकोडीला उभा ऱ्हायला. बेफाम गाडी हाकून माणूस मारला, हा मोठा गुन्हा. मोटारीच्या नव्या कायद्यानं लाल दिव्याला न थांबल्याचा वेगळा. मालकानं वकील दिला, कारण गाडी त्याची, नाव त्याचं. वकील मोठा हुशार. त्यानं भरमाला माझ्यासमोर पढवलं, "भूतबीत काही बोलायचं नाही. म्हणायचं, माणूस दारू प्यालेला होता, धुक्यातनं एकदम रस्त्याच्या मध्यात आला. दिवा घोंगडीत झाकलेला होता. बास. सुटशील. नाहीतर दोन वर्षं खडी फोडायला जाशील आणि लायसन जन्माचं जाईल."

भरमाची बायको प्रेमला तवा गरोदर. ती बिचारी वकिलाच्या पाया पडली. भरमा व्हय म्हणाला न्हाय आणि न्हाय म्हणाला न्हाय. मला म्हणाला, "आधी कोगनोळीला जाऊन येऊ."

गुंडू वस्ताद म्हातारपणी कोगनोळीला लेकीकडं ऱ्हायचा. डोळ्यांत फुलं पडलेली. भरमा त्याच्या खाटेपाशी खाली बसला आणि म्हणाला, "वस्ताद, एकच सांगा. जांभळीवर तुम्ही पहिल्यांदा बघितला तो दिवा. त्याच्याखाली माणूस व्हता का न्हवता?"

म्हातारा खाटेवर उठून बसला. मग म्हणाला, "व्हता. पोलीस व्हता."

"काय?"

"गाडीत माणसं कोंबल्याली. टपावर धरून. पोलिसांनी वळणावर लाल कंदील लावून तपासणी धरलेली. थांबलो असतो तर लायसन गेलं असतं. मी दाबली गाडी. मालकाकडं तक्रार आली, का थांबला न्हाईस म्हणून. तोंडात आलं ते बोललो. सुरुंगाचं, माणसाचं, सगळं तिथल्या तिथं. मालकाचा इश्वास बसला. मग तुमचा बसला. म्हटलं चार दिसांत इसरतील."

मला असा संताप आला! म्हातारा होता म्हणून, न्हायतर गचांडी धरली असती. "वस्ताद," मी म्हटलं, "आम्ही देव्हाऱ्यातल्या देवासारखा जपला की वो तुमचा शब्द! आणि सगळं खोटं?"

"खोटंच," म्हातारा म्हणाला. मग आवाज बारीक करून, आपल्या लेकीला ऐकू जाऊ नये असा, म्हणाला, "पर पुढं मलाबी दिसाय लागला रं. त्या सालात तिथं काम न्हवतं, पोलीस न्हवता, कोन न्हवतं. मी बनवल्याला दिवा मला दिसत हुता. म्हणून तर गाडी सोडली मी. डोळ्याचं निमित्त."

त्या भर दुपारच्या उन्हात मला थंडी वाजली. भरमा उठला. म्हाताऱ्याला नमस्कार केला न्हाय, तसाच बाहेर पडला. वाटेत मी बोलत ऱ्हायलो, जाऊ दे, आपण फसलो, वकील सांगतोय तसं सांग आणि सूट. तो चालता चालता थांबला आणि म्हणाला, "तू डोळे मिटलेलास शामू. ड्रायव्हरला डोळे मिटता येत न्हाईत." मला तवा त्याचा अर्थ लागला न्हाय.

कोर्टात गर्दी उसळली. निम्मे ड्रायव्हर लाईन बंद करून आलते. सरकारी वकिलानं मष्णूच्या बायकोला उभं केलं. नागुबाई. वाळलेली, ठेंगणी, कपाळ मोकळं. आमच्या वकिलानं तिला विचारलं, "तुझा नवरा दारू पीत होता की नाही?"

"कवा शिवले न्हाईत."

"मग कंदील घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहायचं सोडून मध्यात कशाला गेला? गाडीखाली जायलाच ना?"

नागुबाईनं आधी जज्जसाहेबांकडं बघितलं, सांगू का असं. साहेब म्हणाले, "सांग बाई."

"साहेब, आधी ते कडंलाच उभं ऱ्हायचे. पर गाड्या थांबायच्या न्हाईत. एक थांबंना. हॉर्न वाजवत अंगावरनं जायच्या. आतली माणसं डोळे मिटून बसल्याली दिसायची म्हणं त्यास्नी. बाया, म्हातारी, सगळी डोळे मिटून. मुकादमाला सांगितलं तर तो हसला. मग एक दिस घरी येऊन मला म्हणाले, नागू, हात लावून बघ गं मला. मी हाय न्हवं? मला वाटलं थट्टा करत्यात. पर मग रोज यायचे आणि इचारायचे. भाकरी वाढली की म्हणायचे, तुला मी दिसतोय न्हवं? मी कवाच मेलोय आणि तू मला सांगंना झालीस, असं तर न्हाय न्हवं? मी रडायची. त्यांचा हात घेऊन माझ्या गालाला लावायची. तरी पटायचं न्हाय. मला म्हणायचे, तू माझी बायको, तुला दिसणारच. परक्याला दिसाय पायजे. रोज एक पाऊल म्होरं सरकायचे, कोण थांबतंय का बघाय. त्या दिशी जाताना म्हणाले, आज मधीच उभा ऱ्हातो. आज काय ते कळंल."

आम्ही सगळे त्या घाटानं डोळे मिटून गेलो होतो, आणि बाहेर उभा असलेला जिवंत माणूस आम्हाला बघत होता. आम्ही त्याला भ्यायचो. तो आम्हाला बघून स्वतःला भ्यायला लागला होता. हे लिहून घेणाऱ्या कारकुनाचा हातसुद्धा थांबला होता.

आमचा वकील उठला आणि म्हणाला, "साहेब, बाईच्या तोंडूनच आलं. तो स्वतःहून मध्यात आला. आरोपीला माणूस दिसला नाही."

"दिसला," भरमा म्हणाला.

वकिलानं वळून त्याच्याकडं असं बघितलं की खाईल. साहेब म्हणाले, "मोठ्यानं बोल."

"दिसला साहेब. दिवा वरच्या वळणापास्नं दिसत हुता. झाकलेला न्हवता. आणि जवळ आल्यावर माणूस दिसला. रस्त्याच्या मधी. घोंगडी मागं सारलेली, तोंड उघडं. माझा पाय ब्रेकवर गेला. गाडी अडखळली. मग मला वाटलं, थांबलो तर कंदील माझ्या हातात येईल. घरी बायको पोटुशी. मी पाय काढला."

प्रेमला मागं होती. तिनं तोंडात पदर कोंबला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "लाल दिवा दिसला की दिव्याखाली कोण आहे हे बघायचं काम ड्रायव्हरचं नाही. पोलीस असो, मजूर असो, भूत असो. थांबायचं. कायद्यात एवढंच आहे. तू तर बघितलंस आणि तरी पाय काढलास." दीड वर्ष सक्तमजुरी झाली. लायसन रद्द झालं, परत कधी मिळू नये असा शेरा मारून. आणि दिव्याला न थांबल्याचा दंड वेगळा. वकील कागद गोळा करून निघून गेला, प्रेमलाकडं बघितलंबी न्हाय त्यानं.

मी रडत होतो. सांगायला लाज कसली? प्रेमलाला तिच्या भावाच्या ताब्यात देऊन मी बाहेर आलो तर पोलीस भरमाला बेड्या घालून पायऱ्या उतरवत होते. हिंडलग्याच्या जेलला न्यायला गाडी उभी होती. पायरीच्या खाली नागुबाई उभी. मला वाटलं ही आता शिव्या घालणार, थुंकणार, आणि तिनं ते केलं असतं तर बरंच झालं असतं.

ती पुढं आली. पोलिसानं अडवलं न्हाय. भरमानं मान खाली घातली.

"अण्णा," ती म्हणाली, "तोंड बघितलंस त्यांचं?"

"व्हय आक्का."

"आणि तेनी? तेनी बघितलं का, तू बघितल्यालं?"

भरमानं मान वर केली. "व्हय आक्का. नजरंला नजर झाली."

नागुबाईनं मोठा श्वास सोडला. "मग कळलं त्यास्नी," ती म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून एकटीच वस्तीच्या वाटंला लागली.